लिअरची अट

वाटणीच्या कागदांचा नाद मला लहानपणापासूनचा. त्या नादानेच ‘किंग लिअर’ हाती धरलं, ते अजून सुटलेलं नाही. कुकडीच्या पाण्यानंतर गुंठ्यागुंठ्याला भाव आलेल्या, जुन्नर तालुक्यातल्या पिंपळवंडीत या नाटकाचा पहिला प्रवेश कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. म्हातारा हयातीतच सगळं थोरल्या दोन लेकींच्या, गॉनरिल आणि रीगनच्या, नावावर करतो आणि प्रेम बोलून न दाखवणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला हाकलून देतो.

वादळ, वेड, काढलेले डोळे यांवर भरपूर लिहून झालं आहे. मला अडवतं ते लिअरचं कलम: शंभर सरदार माझ्या दिमतीला राहतील आणि मी आळीपाळीने एकेक महिना दोघींकडे राहीन. म्हणजे राज्य दिलं, पण अट घालून. दुसऱ्या अंकात तिचा चुराडा होतो. गॉनरिल शंभराचे पन्नास करते, रीगन पंचवीसवर आणते. मग दहा, पाच, आणि शेवटी एक तरी कशाला हवा, इथवर. पहिल्या प्रवेशात बापाने लेकींच्या प्रेमाचा लिलाव मांडला होता, इथे त्या त्याच्या मानाचा मांडतात.

नाटकाच्या आगेमागेच केंट परगण्यात असंच एक प्रकरण घडलं होतं. ब्रायन ॲनस्ली हा एलिझाबेथ राणीच्या पदरचा जुना मानकरी. १६०३ साली थोरली लेक ग्रेस आणि तिचा नवरा वाइल्डगूज यांनी म्हाताऱ्याला भ्रमिष्ट ठरवून मिळकत ताब्यात घ्यायची खटपट चालवली. धाकटीचं नाव कॉर्डेल. तिने ऑक्टोबरात थेट रॉबर्ट सेसिल या मंत्र्याला पत्र लिहिलं. एवढी वर्षं इमानाने चाकरी केलेल्या माणसावर शेवटी वेडाचा शिक्का बसू नये. देखरेख लागणारच असेल तर सर जेम्स क्रॉफ्ट यांच्यावर सोपवावी, असं तिचं म्हणणं. पत्रात ‘माझं बाबांवर किती प्रेम’ याची जाहिरात नाही, सोय काय करावी एवढंच आहे. मला या नाटकाभोवतीच्या साऱ्या कागदांत हे पत्र मोलाचं वाटतं. पुढच्या वर्षी ॲनस्ली वारला. मिळकतीचा मोठा वाटा कॉर्डेलला होता. वाइल्डगूजांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं, पण ते टिकलं. शेक्सपिअरच्या कानावर हे गेलं होतं याला पुरावा नाही. जुन्या ‘लिअर’ नाटकात धाकटीचं नाव आधीपासून कॉर्डेला होतंच. तरी १६०६ च्या नाताळात राजवाड्यात प्रयोग पाहणाऱ्यांपैकी कुणालाच ॲनस्ली आठवला नसेल, हे मला पटत नाही.

मराठीत हा बाप १९७० साली उभा राहिला तो राजा म्हणून नव्हे. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले आप्पासाहेब बेलवलकर, श्रीराम लागूंनी साकारलेले, कमावलेलं सारं मुलांना वाटून टाकतात. प्रेम बोलून दाखवा असं म्हणत नाहीत आणि अटही घालत नाहीत. पुढे लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो आणि आप्पासाहेब व त्यांची बायको कावेरी घराबाहेर पडतात. या नाटकाला कॉर्डेलिया नाही. तिची जागा कावेरीची आहे, आणि मरते तीही कावेरीच. शिरवाडकरांचा हा बदल मला मूळ नाटकाइतकाच निर्दय वाटतो. लिअरला निदान हाकलून दिलेल्या लेकीची माफी मागता येते. आप्पासाहेबांनी कुणाला हाकललेलं नाही. मग माफी मागायची कुणाची?

आता कायद्याकडे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ म्हणतं, की सांभाळाच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येतं. महाराष्ट्रात दाद प्रांतांकडे मागायची. जुन्नर-आंबेगावसाठी प्रांत कार्यालय मंचरला. तिथे लिअर आला तर शंभर सरदारांचा खर्च मूलभूत गरजांत बसणार नाही, पण महिना-महिना आसऱ्याची अट नक्की बसेल. अडतील ते आप्पासाहेब. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अट होती हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. बक्षीसपत्र झालं त्याच दिवशी मुलाने सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं, ते तिच्या कामी आलं. आपल्याकडे बक्षीसपत्राचा मसुदा करताना असा कागद मागायची म्हाताऱ्यांना लाज वाटते. ती वाटू नये. वकिलाने विचारलं नाही तरी, सही करण्याआधी, त्यांनी तो मागावा.