राजीनामा एकाचा, घरी दोघं

३ फेब्रुवारी २०२४ला बेलफास्टच्या स्टॉरमाँट टेकडीवरचं उत्तर आयर्लंडचं विधिमंडळ दोन वर्षांचं कुलूप काढून पुन्हा कामाला लागलं. शिन फेनच्या मिशेल ओनील 'फर्स्ट मिनिस्टर' झाल्या. शंभर वर्षांपूर्वी या प्रांताची सीमा प्रोटेस्टंट बहुमत टिकावं अशा बेताने आखली होती. तिथल्या पहिल्या खुर्चीवर आता अखंड आयर्लंड मागणारी बाई बसली, म्हणून जगभर मथळे झळकले. शेजारच्या खुर्चीवरच्या, ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या डीयूपी पक्षाच्या एमा लिटल-पेंगेली मात्र मथळ्यांत दुसऱ्या ओळीत गेल्या. खरं तर त्यांच्या पदाला 'डेप्युटी' लागतं तेवढाच फरक. अधिकार तंतोतंत सारखे. महाराष्ट्रातल्या उपमुख्यमंत्रिपदाला राज्यघटनेत जागाच नाही. बेलफास्टच्या 'उप'ने राजीनामा दिला, तर 'मुख्य'चंही पद जातं.

याच कलमाने सरकारं बसवली आणि याच कलमाने ती पाडली.

ब्रिटनबरोबर राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, या वादाच्या हिंसाचारात साडेतीन हजारांवर माणसं मेल्यानंतर १० एप्रिल १९९८ला गुड फ्रायडे करार झाला आणि सार्वमतात प्रांतातल्या ७१ टक्के मतदारांनी त्याला होकार दिला. त्यानुसार आमदाराने स्वतःची नोंद 'युनियनिस्ट' (ब्रिटनवादी), 'नॅशनॅलिस्ट' (अखंड आयर्लंडवादी) किंवा 'इतर' अशी करायची आणि मोठे निर्णय पहिल्या दोन्ही गटांच्या संमतीने घ्यायचे. खाती गणिती सूत्राने वाटायची, त्यामुळे मलईदार खात्यासाठी रुसवेफुगवे नाहीत. सर्वांत शहाणी अट अशी, की दोन्ही प्रमुख एकाच ठरावाने निवडायचे. म्हणजे युनियनिस्ट डेव्हिड ट्रिंबल यांना मत द्यायचं, तर नॅशनॅलिस्ट शेमस मॅलन यांनाही द्यावं लागे. पुढची वर्षं अखंड आयर्लंडसाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेच्या शस्त्रांवरच्या घासाघिशीत गेली आणि ऑक्टोबर २००२मध्ये विधिमंडळ स्थगित झालं. तो काळ पुन्हा चाळावा इतका रंजक नाही.

रंजक आहे ते २००७ नंतरचं दशक. आयुष्यभर 'कदापि नाही' गर्जणारे डीयूपीचे पाद्री इयन पेस्ली आणि एकेकाळचे आयआरए कमांडर, शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस यांनी ८ मे २००७ला एकत्र शपथ घेतली. दोघं शेजारी बसून इतके खळखळून हसत, की पत्रकारांनी त्यांना एका विनोदी जोडीवरून 'चकल ब्रदर्स' म्हणायला सुरुवात केली. ते हसू खोटं नव्हतं. पण त्याच्या आधी सेंट अँड्र्यूजच्या समझोत्यात एक गोष्ट गुपचूप काढून घेतली गेली होती: दोघांना एकत्र मत देण्याची अट. आता सर्वांत मोठ्या पक्षाने आपला माणूस नेमायचा, दुसऱ्या बाजूच्या मोठ्या पक्षाने आपला. शत्रूच्या नावाला मत द्यायची लाज वाचली आणि प्रत्येक निवडणूक 'पहिली खुर्ची त्यांना जाऊ द्यायची का?' या भीतीवर लढवता येऊ लागली. करार घडवणाऱ्या ट्रिंबल आणि जॉन ह्यूम यांना नोबेल मिळालं. त्यांच्या पक्षांना मतदार मिळेनात. १९९८ला १०८पैकी ५२ जागा या दोन पक्षांच्या होत्या, २०२२ला ९०पैकी १७.

पेस्ली २००८मध्ये पदावरून गेले आणि हसणंही गेलं. अल्पसंख्याकांची ढाल म्हणून दिलेला नकाराधिकार लाठीसारखा फिरू लागला. नोव्हेंबर २०१५मध्ये समलिंगी विवाहाचा ठराव ५३ विरुद्ध ५२ मतांनी मंजूर झाला, तरी डीयूपीने ३० आमदारांच्या सह्यांचा अर्ज देऊन दोन्ही गटांच्या संमतीची अट लावली आणि तो अडवला. मग आला जळणाच्या लाकडी गोळ्यांचा घोटाळा. २०१२च्या हरित उष्णता योजनेत अनुदानाला वरची मर्यादाच घातली नव्हती: एक पौंडाचं इंधन जाळा, सुमारे एक पौंड साठ पेन्स मिळवा. रिकाम्या गोठ्यांत बॉयलर धडधडू लागले म्हणे. योजना आणणाऱ्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्री अर्लीन फॉस्टर आता फर्स्ट मिनिस्टर होत्या. चौकशीपुरतंही बाजूला व्हायला त्या तयार नव्हत्या. त्यातच डीयूपीच्या एका मंत्र्याने आयरिश भाषा शिकणाऱ्यांची पन्नास हजार पौंडांची शिष्यवृत्ती ऐन नाताळच्या तोंडावर बंद केली. आजारी मॅकगिनेस यांनी ९ जानेवारी २०१७ला 'डेप्युटी' पदाचा राजीनामा दिला. सरकार पडलं. मार्चमध्ये ते वारले आणि विधिमंडळ तीन वर्षं बंद राहिलं. २०२२मध्ये ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या तपासण्यांवरून डीयूपीने तीच चाल परत खेळली.

या सगळ्यात उपेक्षा झाली ती 'इतर' रकान्याची. नोव्हेंबर २००१मध्ये ट्रिंबल यांना वाचवायला अलायन्स पक्षाच्या आमदारांनी स्वतःला तात्पुरतं 'युनियनिस्ट' नोंदवलं होतं. एरवी त्यांची मतं दोन्ही गटांच्या संमतीच्या मोजणीत धरलीच जात नाहीत. २०२२ला त्यांचे १७ जण निवडून आले. तरी नियम तोच. मात्र पोलीस आणि न्याय खातं एकमेकांच्या हाती द्यायला दोन्ही बाजू घाबरतात, म्हणून २०१०मध्ये ते अलायन्सच्या डेव्हिड फोर्ड यांच्याकडे गेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये ते पुन्हा त्याच पक्षाच्या नेओमी लाँग यांना मिळालं.