पाऊस पडला, मग विहीर का आटली?



दर उन्हाळ्यात एकच सवाल कानावर येतो. "औंदा पाऊस तर बरा झाला, ओढा दोनदा वाहिला, तरी माघातच विहिरीनं तळ गाठला. असं का?" यावर पुष्कळ जण एकच उपाय काढतात : विहीर आणखी खोल करायची, नाहीतर बोअर मारायचं. त्यासाठी कर्ज काढतात, दागिने गहाण ठेवतात आणि कित्येक बोअरांतून नुसता फुफाटा वर येतो. म्हणून पैसा घालण्याआधी पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, याचा हिशेब एकदा मांडून पाहू या.

पाणी येतं कसं?

उन्हानं समुद्राचं पाणी तापून त्याची वाफ होते. मीठ मागे राहतं, गोडं पाणी तेवढं वर जातं. जून महिन्यात नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरची ही वाफ घेऊन कोकणात येतात. पुढे सह्याद्री आडवा उभा असतो. वारा डोंगर चढू लागला की थंड होतो आणि थंड हवेत वाफ मावत नाही. तिचे ढग होतात, पाऊस कोसळतो. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट ओलांडून तोच वारा खाली उतरला की पुन्हा तापतो आणि कोरडा होतो. त्यामुळे त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो. पूर्व विदर्भाला बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या पावसाची साथ मिळते. माण, आटपाडी, सांगोला या भागांची भिस्त मात्र बरीचशी परतीच्या पावसावर असते.

डोंगर, वारा, ऊन यांपैकी काहीच आपल्या हातात नाही. पण थेंब शिवारात पडल्यावर पुढं काय होतं, त्यातलं बरंच आपल्या हातात आहे.

पडलेलं पाणी जातं कुठं?

पडलेल्या पाण्याला चार वाटा आहेत. काही उतारानं वाहून ओढ्याला मिळतं. काही जमिनीवरून आणि तळ्यावरून वाफ होऊन उडतं. काही पीक आणि झाडं मुळांनी ओढून पानांतून हवेत सोडतात. उरलेलं जमिनीत मुरतं. वाहून गेलेलं पाणी शेवटी समुद्र गाठतं. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून अगदी जवळ. पण तिचं पाणी सुमारे १४०० किलोमीटरची वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथून पुन्हा वाफ, पुन्हा ढग. हा रहाट अखंड फिरतो. आपल्याला त्यातला एक पोहरा आपल्या शिवारात थोडा जास्त वेळ थांबवायचा आहे, इतकंच.

उन्हाची ओढही ध्यानात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या भागात उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं. म्हणजे तळ्याची पातळी एका महिन्यात नुसत्या उन्हानं जवळपास एक फूट खाली जाते.

खाली खडक कसला आहे?

महाराष्ट्राच्या पाच भागांपैकी जवळजवळ चार भाग जमीन काळ्या पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झाला. विहीर खणताना तुम्ही हे थर पाहिलेच असतील : वर माती, मग मुरूम, मग भेगाळ खडक, आणि खाली अखंड पाषाण. पाणी राहतं ते मुख्यतः मुरमात आणि भेगांत. अखंड पाषाणात पाण्याला जागाच नसते. खोल बोअरला एखादी भेग लागली तर पाणी लागतं, नाही लागली तर पैसा गेला. आणि लागलेली भेगही वरच्या पावसानंच भरावी लागते.

अशा खडकाच्या मुलखात शंभर मिलिमीटर पावसातले साधारण पाच ते पंधरा मिलिमीटरच खोल मुरून साठ्याला मिळतात. हा साठा साऱ्या शिवाराचा सामाईक असतो. तुमच्या आणि शेजाऱ्याच्या विहिरीला पाझर एकाच मुरमातून येतो. एकानं रात्रंदिवस मोटर चालवली की दुसऱ्याची पातळी उतरते.

एक साधा हिशेब

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ हजार लिटर पाणी. ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या एकरावर २० लाख लिटर पाणी पडलं. आता २० फूट व्यासाची विहीर घ्या, तिच्यात ३३ फूट पाणी आहे असं धरा. ते भरतं पावणेतीन-तीन लाख लिटर. म्हणजे एका एकरावरचा पाऊस ही विहीर सात वेळा भरील! पाऊस कमी आहे हे खरं, पण तो थांबत नाही हे दुखणं त्याहून मोठं आहे. त्यातच मध्य भारतात १९५० नंतर अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आहेत. तासाभरात कोसळलेलं पाणी जिरायला सवडच मिळत नाही.

मग करायचं काय?

१) माथ्यापासून सुरुवात करा. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यावर बंधारा. उलट क्रमानं गेलात तर पहिल्याच पुरात बंधारा गाळानं भरेल.

२) नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा. बांधावर गवत राखा.

३) काळ्या रानात भेगा पडू लागल्या की कोळपणी करा. भेगा बुजल्या की ओल टिकते.

४) शेततळं पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरा. विहिरीचं पाणी उपसून प्लॅस्टिक घातलेल्या तळ्यात साठवणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं होय. त्यानं शेजाऱ्याची विहीर लवकर आटते.

५) दर महिन्याच्या एक तारखेला, रात्रभर मोटर बंद ठेवून, सकाळी दोरीनं विहिरीची पातळी मोजा आणि वहीत लिहा. उघड्यावर सरळ काठाचा डबा ठेवून पट्टीनं पाऊसही मोजा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पातळी पाहूनच रब्बीचं पीक ठरवा. पाणी ज्वारी-हरभऱ्यापुरतं असेल तर उसाच्या मागे लागू नका.

हे सारं नुसतं बोलायचं नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाचा पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर या गावातली माणसं पोटासाठी बाहेर पडली होती. १९९० नंतर गावानं डोंगरावर चर खणले, बंधारे घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. शेतीसाठी बोअर मारायचं नाही असं ठरवलं. पाऊस मोजून पिकांचा ताळेबंद मांडला आणि विहिरींना पाणी टिकू लागलं. ढग तेच होते, गावाची वागणूक बदलली. मात्र ती साऱ्या गावानं मिळून बदलली, हे विसरू नका. एकट्यानं बांध घातला आणि बाकीच्यांनी बोअर मारले, तर हिशेब जुळत नाही.

यंदा मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला, की विजा थांबल्यावर डोक्यावर पोतं घ्या आणि बांधावर जा. पाणी कुठून शिरतं, कुठून फुटतं, गढूळ होऊन कुठं निघून जातं, ते डोळ्यांनी बघा. जिथून गढूळ पाणी निघतं, तिथून तुमची माती आणि तुमच्या विहिरीचं पाणी एकदमच चाललेलं असतं. त्या जागी खूण म्हणून एक दगड ठेवा. पहिलं काम तिथंच करायचं आहे.