शांत बाळ आणि आशाताईंच्या सहा भेटी

20 मार्चला आपण चवदार तळ्यावर येतो, ओंजळभर पाणी घेतो. 1927 साली बाबासाहेब या काठावर उभे राहिले, त्याच्या आदल्याच वर्षी जुलैत त्यांचा राजरत्न गेला होता. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. लेकरू जाण्याचं दुःख आपल्या घरांना नवं नाही. पण आज यातली बरीच मरणं टाळता येतात.

मुंबईत रात्रपाळीला असताना एक आजी सहा दिवसांचं बाळ घेऊन आल्या. "लई शांत आहे हो सिस्टर, कालपासून रडतसुद्धा नाही." हात लावला तर अंग गार. दूध ओढत नव्हतं. जंतुसंसर्ग पसरला होता. पहाटे बाळ गेलं. बाळंतपण दवाखान्यातच झालं होतं, पण घरी गेल्यावर त्या बाळाकडे बघायला कुणी आलं नव्हतं.

वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या 28 दिवसांतच दगावतात. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही मोठी कारणं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, संसर्ग ओळखून उपचार करायचे. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. आज आशाताई घरी येतात, त्यामागे हे काम आहे.

शहरातल्या वस्त्यांत दवाखाने जवळ असतात, तरी बाळं दगावतात. शीव रुग्णालयाच्या नवजात विभागातल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये 'स्नेहा' संस्था उभी केली. संस्थेने मुंबई पालिकेबरोबर प्रसूतिगृहं आणि मोठी रुग्णालयं जोडली, जोखमीच्या आईला कुठे पाठवायचं हे आधीच ठरवलं. 48 वस्त्यांच्या अभ्यासात निम्म्या वस्त्यांत महिलांचे गटही चालवले. 2012 मध्ये निष्कर्ष आला की नुसत्या गटांमुळे नवजात मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. संस्थेने तो लपवला नाही, हे मोलाचं. आपणही त्यातून शिकावं. बैठक हवीच, पण बाळापर्यंत पोचणारे हात आणि दार उघडं ठेवणारं रुग्णालय त्याला जोडलेलं हवं.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान मुख्यतः 50 हजारांवरच्या शहरांसाठी आहे. महाड त्याहून लहान. म्हणून नगरपरिषदेच्या हद्दीतल्या वस्तीने आधी विचारावं: आमच्या आशाताई कोण? त्यांचा फोन नंबर काय? पोलादपूरच्या वाड्यांनी पावसाळ्यापूर्वीच गाडी ठरवावी. अलिबाग शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, घाटात दरड आली की रस्ता बंद.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. भेट झाली नाही तर विचारा, तो हक्क आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत आहेत.

भगिनींनो, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका:

• बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलं आहे
• अंग गार किंवा तापलेलं
• मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते
• तळहात-तळपाय पिवळे, बेंबीतून पू, झटके

102 किंवा 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून वरून पांघरूण घाला.

जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध पाजा. मध, घुटी, साखरपाणी नको. पहिल्या दिवशी अंघोळ नको.

येत्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळाने एक वही सुरू करावी. वस्तीत गरोदर कोण, दिवस कधी भरतात, बाळ जन्मल्यावर आशाताई कोणत्या तारखांना आल्या, एवढंच लिहायचं. तारीख चुकली की दोघींनी त्या घरी जायचं आणि आरोग्य केंद्रात कळवायचं. त्या रात्रीच्या आजींच्या वस्तीत अशी वही असती, तर तिसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यांच्या दारात गेलं असतं.