एक जागा, दोन उमेदवार

श्रोते हो, सातपुड्याच्या कुशींत, अक्कलकुवा तालुक्यांत, मोलगी म्हणून एक गांव आहे. माझ्या मास्तरकीचीं बरींच वर्षें त्या गांवीं गेलीं. तेथील भगरीचीं शेतें, आठवड्याचा बाजार आणि होळीला दुमदुमणारे ढोल यांविषयीं सांगण्याजोगें पुष्कळ आहे. परंतु आज मी तेथें दरवर्षीं रंगणाऱ्या एका वादाविषयीं बोलणार आहें. हा वाद आपल्याहि घरांत, निराळ्या नांवांनीं, केव्हां ना केव्हां झालाच असेल.

पावसाळा सरून मैदान वाळलें कीं आमच्या शाळेच्या क्रिकेट संघाचा सराव सुरू होई. तालुक्याच्या सामन्यांस अजून तीन आठवडे अवकाश असे. तरीहि चहाच्या दुकानांत, पिठाच्या गिरणीपाशीं आणि एस. टी.ची वाट पाहत बसलेल्या मंडळींत एकच प्रश्न घोळूं लागे : ह्या वर्षीं यष्टींच्या मागें कोण? फलंदाज कोण आणि गोलंदाज कोण, ह्याविषयीं कोणी फारसें भांडत नसे. कारण उघड आहे. फलंदाज संघांत सहा-सात लागतात. दोघांत डावें-उजवें करतां आलें नाहीं, तर दोघांसहि घेतां येतें. गोलंदाजांचेंहि तसेंच. यष्टिरक्षक मात्र एकच. दुसरा कितीहि गुणी असला तरी त्यानें बाहेर बसून पाण्याचे पेले न्यावयाचे. जागा एक आणि लायक माणसें दोन, असें जेथें जेथें असतें, तेथें वाद हा ठरलेलाच.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशांतली नव्हे. अमेरिकेंत फुटबॉल ह्या नांवानें जो खेळ चालतो, त्यांत चेंडू पायापेक्षां हातानेंच अधिक खेळविला जातो. त्यांत क्वार्टरबॅक ह्या नांवाचा एक गडी असतो. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, आणि तोहि एका वेळीं एकच. तेथील मोसम सप्टेंबरांत सुरू होतो. परंतु जुलैच्या अखेरीपासून सरावाचीं शिबिरें भरतात, आणि लोक नुसता सराव पाहण्यासहि गर्दी करतात. २०१२ सालीं सिएटल शहराच्या संघानें मॅट फ्लिन ह्या खेळाडूस मोठा करार देऊन आणलें होतें. त्याच वर्षीं नवोदितांच्या निवडींत ७५व्या क्रमांकावर घेतलेला रसेल विल्सन हा तरुणहि शिबिरांत होता. त्या जागेच्या मानानें त्याची उंची कमी, असा पुष्कळांचा आक्षेप होता. ऑगस्ट संपतां संपतां जागा विल्सनला मिळाली, आणि २०१४च्या फेब्रुवारींत त्याच संघानें त्या देशाचें अजिंक्यपद मिळविलें. अशा वेळीं बरोबर ठरलेला पक्ष आपलें भाकीत विसरत नाहीं आणि चुकलेला पक्ष तें आठवत नाहीं, हा मनुष्यस्वभाव मोलगीस आणि सिएटलास सारखाच आहे.

आतां आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळूं. माझे वडील आणि माझे काका यांच्यांत एक जुना वाद होता, आणि तो मी लहानपणापासून ऐकत आलों. वडील पुण्याचे नाना जोशी यांच्या बाजूचे, तर काका मुंबईचे नरेन ताम्हाणे यांच्या. १९५९ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यावर हे दोन्ही यष्टिरक्षक गेले होते, आणि दोघांसहि कसोटी सामने मिळाले. दौऱ्यांत भारत पांचहि कसोटी हरला. तेव्हां कोण श्रेष्ठ, ह्याचा निकाल लागण्याऐवजीं वाद मात्र घरीं परत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियाचा संघ आला. दिल्लीच्या कसोटींत जोशी होते, कानपूरच्या कसोटींत ताम्हाणे. कानपूरला जसू पटेल यांनीं एका डावांत नऊ बळी घेतले आणि भारतानें ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळविला. आतां तरी जागा पक्की झाली, असें काका म्हणत. परंतु पुढच्याच, म्हणजे १९६०च्या जानेवारींतील मुंबईच्या कसोटींत यष्टींच्या मागें उभा राहिला तो वीस वर्षांचा बुधी कुंदरन. आणि त्या दिवसापर्यंत तो रणजी करंडकाचा एकहि सामना खेळला नव्हता!

नाना जोश्यांची कथा तर याहून चटका लावणारी आहे. १९६०च्या डिसेंबरांत पाकिस्तानविरुद्ध मुंबईच्या कसोटींत त्यांस पुन्हां जागा मिळाली. त्यांनीं आणि रमाकांत देसाई यांनीं नवव्या जोडीसाठीं १४९ धांवा केल्या. देसायांच्या ८५, जोश्यांच्या नाबाद ५२. बारा कसोटींच्या कारकीर्दींतलें तें त्यांचें एकमेव अर्धशतक होय. आणि तोच त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. वडील ही गोष्ट सांगूं लागले कीं काकाहि गप्प बसत.

हे वाद मिटत कां नाहींत? माझ्या मतें त्याचें मुख्य कारण असें कीं, यष्टिरक्षकाचें काम मोजतां येत नाहीं आणि त्याची फलंदाजी मात्र मोजतां येते. दिवसभरांत नव्वद षटकें पडलीं, तर ५४० चेंडू होतात. प्रत्येक चेंडूस त्यानें गुडघे वांकवून बसावयाचें, चेंडूच्या उसळीबरोबर उठावयाचें, आणि चेंडू बॅटीस लागणारच नाहीं असें धरून हात पुढें ठेवावयाचे. त्यांतले बहुतेक चेंडू त्याच्यापर्यंत येतच नाहींत. त्यानें घेतलेला झेल वहींत लिहिला जातो. परंतु सुटलेला झेल धांवफलकाच्या कोणत्याच रकान्यांत जात नाहीं. फलंदाजाचा पाय क्षणभर रेषेबाहेर गेला असतां यष्टि उडवावयाच्या राहून गेल्या, तर त्याचीहि नोंद कोठेंच होत नाहीं. आणखी एक गोष्ट आहे. मागें उभा असलेला मनुष्य भरंवशाचा असला कीं फिरकी गोलंदाज फलंदाजास पुढें येण्याचा मोह घालतो. भरंवसा नसला कीं तो हात आंखडता घेतो. हा भरंवसा कोणत्या आंकड्यांत बसवावयाचा? ताम्हाण्यांनीं एकवीस कसोटींत ५१ बळी मिपले, त्यांतले सोळा यष्टिचीत, एवढें पुस्तकांत सांपडतें. त्यांच्यामुळें गोलंदाजानें किती चेंडू निर्धास्तपणें टाकले, हें सांपडत नाहीं. म्हणून पाहणारे लोक सोपी वाट धरतात : ज्याच्या धांवा अधिक, तो श्रेष्ठ.

परंतु निवडणारे कित्येकदां नेमके उलट वागतात, आणि तेथें वादाला नवें सरपण मिळतें. वर सांगितलेल्या कुंदरन यांनीं १९६४च्या आरंभीं इंग्लंडविरुद्धच्या मालिकेंत मद्रासला १९२ आणि दिल्लीला १०० धांवा काढल्या. पांच कसोटींत त्यांच्या ५२५ धांवा झाल्या. इतकें झाल्यावर जागेचा प्रश्न उरावयास नको होता. पण त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तेव्हां तीनहि कसोटींत यष्टिरक्षण केलें तें इंद्रजितसिंहजी यांनीं. पुढें फरोख इंजिनियर यांचा हक्क वरचढ ठरला. १९६७च्या जानेवारींत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनीं उपाहारापूर्वींच ९४ धांवा केल्या आणि शतक पुरें केलें. इंजिनियर एकंदर ४६ कसोटी खेळले, कुंदरन १८. दोघेहि धडाक्याचे फलंदाज, दोघेहि मुंबईंत वाढलेले. दोघांच्या चाहत्यांपाशीं भरपूर पुरावा होता, आणि जागा मात्र एकच होती.

मग निवड करावयाची तरी कशी? मला ह्याचें उत्तर अलीकडच्या एका उदाहरणांत सांपडलें. ऋषभ पंत यांनीं २०१९च्या जानेवारींत सिडनीच्या कसोटींत नाबाद १५९ धांवा केल्या होत्या. तरीहि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत विशाखापट्टणम आणि पुणें येथें दक्षिण आफ्रिकेविरुद्ध यष्टींच्या मागें वृद्धिमान साहा यांस उभें केलें गेलें. आपल्या देशांतल्या खेळपट्ट्यांवर चेंडू फार वळतो आणि कधीं उसळतो, कधीं खालीं राहतो. तेथें सर्वांत सुरक्षित हात पाहिजेत, असा त्यामागें विचार होता. पुढें २०२०-२१च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत पहिली कसोटी गमावल्यावर फलंदाजीस बळ हवें होतें. तेथें पंतांस आणलें, आणि ब्रिस्बेनला त्यांच्या नाबाद ८९ धांवांनीं सामना व मालिका दोन्ही जिंकून दिल्या. म्हणजे दोन्ही वेळां प्रश्न "श्रेष्ठ कोण?" हा नव्हता. "ह्या ठिकाणीं, ह्या वेळीं, ह्या जागेकडून आपणांस काय पाहिजे?" हा होता. पहिल्या प्रश्नाचें उत्तर चहाच्या दुकानांत जन्मभर मिळणार नाहीं. दुसऱ्याचें उत्तर बहुधा मिळतें.

सराव पाहून मत बनविणाऱ्यांनीं आणखी एक लक्षांत ठेवावें. सरावांत हात दिसतात, चपळाई दिसते. परंतु पांचव्या तासाची थकवट दिसत नाहीं, आणि एक झेल सुटल्यावर पुढच्या चेंडूस तो मनुष्य कसा उभा राहतो, हेंहि दिसत नाहीं. शिवाय दहा दिवसांचा सराव म्हणजे पुरावा थोडा. एखाद्या दिवशीं एकाचे दोन झेल सुटतात, तेवढ्यावर गांवाचें मत फिरतें. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां फिरतें. पाहणाऱ्यांनीं वाद जरूर घालावा, त्यांत आनंद आहे. पण निवडणाऱ्यानें त्या आवाजावर निवड करूं नये.

हें मी आज शहाणपणानें सांगत आहें. परंतु मला तें फुकट कळलें नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या संघांत असेच दोन मुलगे होते. एक बाजारपेठेंतला, फटकेबाज. त्याचे चेंडू रस्त्यापलीकडे जात, त्यामुळें सारा गांव त्याच्या बाजूचा. दुसरा वरच्या पाड्यावरचा, अबोल. तो रोज डोंगर उतरून येई. त्याच्या हातांत चेंडू पडला कीं आवाज होत नसे. आणि यष्टिरक्षकाची परीक्षा करण्यास याहून चांगली खूण मला ठाऊक नाहीं. तीन आठवडे वाद चालला. शेवटीं मीं पहिल्याची निवड केली. ती चूक होती असें मी आजहि म्हणणार नाहीं. संघांत धांवा करणारे कमी होते, आणि मला फलंदाज पाहिजे होता.

माझी चूक निराळीच होती. मीं नांवें कागदावर लिहून फळ्यावर लावलीं आणि घरीं गेलों. दुसऱ्या मुलास जवळ बोलावून एक शब्दहि सांगितला नाहीं. तो पुढें दोन दिवस सरावास आला, मग यावयाचा थांबला. दिवाळीनंतर त्याच्या घरचीं माणसें ऊंसतोडीसाठीं गुजरातेंत गेलीं, त्यांच्याबरोबर तोहि गेला. त्याचें नांव वार्षिक परीक्षेपर्यंत हजेरीपटावर राहिलें. मीं त्यास निवडलें असतें तर तो राहिला असता, असें म्हणण्यास मला आधार नाहीं. पोटापुढें क्रिकेट तें काय!

अलीकडे एका बाजाराच्या दिवशीं तो मला भेटला. बरोबर त्याचा मुलगा होता. नमस्कार करून, इकडचें तिकडचें विचारून झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, एक विचारूं? त्या वर्षीं माझें काय चुकलें होतें?"

मी म्हणालों, "तुझें कांहींच चुकलें नव्हतें. तुझ्याइतके चांगले हात मीं पुन्हां पाहिले नाहींत. संघांत फलंदाज कमी होते, म्हणून त्याला घेतलें."

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "एवढेंच होतें होय? मला वाटलें, मला येत नाहीं."

श्रोते हो, एक वाक्य सांगावयाचें होतें, आणि तें सांगण्यास मला वीस वर्षें लागलीं. आपल्यापैकीं कोणी शाळेंत असेल, कोणी कचेरींत, कोणी एखाद्या मंडळाच्या समितीवर. एका जागेसाठीं दोन लायक माणसांतून एकास निवडण्याची पाळी आपणांवरहि येईल. तेव्हां ज्यास घेतलें त्याचें अभिनंदन उद्यां केलें तरी चालेल. ज्यास घेतलें नाहीं, त्यास कारण मात्र त्याच दिवशीं सांगावें.