करारापूर्वीची मशागत

आंतरराष्ट्रीय व्यापार कराराची बातमी आपल्यापर्यंत येते ती सहीच्या दिवशी. मंत्र्यांचं हस्तांदोलन आणि घटलेले आयातकर एवढंच आपण वाचतो. पण विकसनशील देशाच्या पदरात काय पडणार, हे बरंचसं त्याआधीच्या वर्षांत ठरलेलं असतं. कायदे वेळेवर केले का, पुरावे जमवले का, ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना विचारलं का, यावर ते अवलंबून असतं. पाऊस येण्याआधी शेतकरी मशागत उरकतो, तसं हे काम. भारताने ती कशी केली हे पाहायचं तर दिल्ली आणि जागतिक व्यापार संघटनेचं मुख्यालय असलेल्या जिनिव्हाइतकंच चेन्नईकडेही पाहावं लागतं.

मध्य चेन्नईचे खासदार मुरासोली मारन २००१ मध्ये देशाचे वाणिज्यमंत्री होते. त्याआधीच्या, जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीचा (१९८६ ते १९९४) अनुभव ताजा होता. औषधांवरच्या पेटंटसह अनेक अटी तेव्हा मान्य कराव्या लागल्या आणि त्यांचा भार पुढे अंमलबजावणीत कळला. म्हणून भारताने इतर विकसनशील देशांबरोबर अंमलबजावणीतल्या अडचणींची लांबलचक यादीच तयार केली होती. नोव्हेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा परिषदेत श्रीमंत देशांनी गुंतवणूक, स्पर्धा, सरकारी खरेदी आणि व्यापार सुलभीकरण हे चार नवे विषय पुढे रेटले. परिषद एक दिवस लांबली, भारत जवळजवळ एकटा पडला, तरी मारन हटले नाहीत. अखेर सर्वांच्या स्पष्ट सहमतीशिवाय या विषयांवर वाटाघाटी सुरू होणार नाहीत, असा खुलासा परिषदेच्या अध्यक्षांना करावा लागला. २००३ मध्ये कानकुनची परिषद याच विषयांवरून फिसकटली आणि २००४ मध्ये चारपैकी तीन विषय दोहा फेरीतून वगळले गेले. मारन यांचं नोव्हेंबर २००३ मध्ये चेन्नईतच निधन झालं. त्यांच्या आग्रहाचं हे फळ त्यांना पाहता आलं नाही.

अडवणं ही तयारीची एक बाजू. सही केलेल्या करारात आपल्यासाठी जागा शोधणं ही दुसरी, आणि ती जास्त कष्टाची. २००५ पासून औषधांना पेटंट देणं भारताला बंधनकारक झालं. त्याच वर्षी संसदेने पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) कडक केलं. माहीत असलेल्या औषधाचं नवं रूप अधिक गुणकारी ठरत नसेल, तर त्याला पेटंट नाही. त्याची पहिली मोठी परीक्षा चेन्नईच्या पेटंट कार्यालयात झाली. रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिवेक या औषधासाठी स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीने तिथे अर्ज केला होता. त्याला हरकत घेणाऱ्यांत औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर जात होता, तर भारतीय कंपन्यांचं तेच औषध दहा हजारांच्या आसपास मिळत होतं. जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली. हे कलम जागतिक करारात बसतं का, याचा निवाडा जागतिक व्यापार संघटनेच्या यंत्रणेपुढे व्हावा, असं म्हणत न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये ते घटनात्मक ठरवलं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही पेटंट नाकारलं. हे कलम करारात बसत नाही, ही तक्रार घेऊन स्वित्झर्लंड जागतिक व्यापार संघटनेकडे गेला नाही. दोहाच्याच परिषदेत औषधं आणि सार्वजनिक आरोग्यावर जो जाहीरनामा मंजूर झाला होता, त्याचंही पाठबळ अशा कायद्यांना होतं.

चेन्नईतच गिंडीला भौगोलिक मानांकनांचं, म्हणजे जीआयचं, देशाचं नोंदणी कार्यालय आहे. मायदेशात संरक्षण नसलेल्या नावाला इतर देशांनी संरक्षण देण्याचं बंधन जागतिक करारात नाही. त्यामुळे आधी घरचा कायदा हवा होता. तो १९९९ मध्ये झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. इथे येणारा अर्ज वाचण्यासारखा असतो. उत्पादनाच्या प्रदेशाचा नकाशा, जुन्या नोंदींतून इतिहासाचा पुरावा, बनवण्याची रीत, वेगळेपण कशात आहे ते आणि दर्जा कोण तपासणार ते. कोल्हापुरी चपलेसाठी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून अर्ज केला. त्यात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे जिल्हे आहेत आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही. कोकणच्या हापूसलाही २०१८ मध्ये इथूनच नोंदणी मिळाली. मात्र ही नोंदणी भारतापुरतीच. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा ही उणीव सगळ्यांच्या लक्षात आली. वाइन आणि मद्यांच्या नावांना मिळणारं वाढीव संरक्षण इतर वस्तूंनाही मिळावं, ही भारताची मागणी कित्येक वर्षं अडकून आहे.

इतर देशांचं चित्र असंच संमिश्र आहे. अनेक गरीब देशांना जिनिव्हात पुरेशी माणसं ठेवणंही परवडत नाही. त्यांना कायद्याचा सल्ला मिळावा म्हणून २००१ मध्ये तिथे सल्ला केंद्र उभं राहिलं. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये अमेरिकी कापूस अनुदानाचा प्रश्न एकत्र मांडला. ब्राझीलने तर त्याच अनुदानाविरुद्ध खटला जिंकला. ज्यांच्याकडे आकडे आणि सोबती होते, त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं.

आपल्याकडची मोठी त्रुटी वेगळी आहे. परराष्ट्र करार हा केंद्राचा विषय, शेती आणि किनाऱ्यालगतची मासेमारी राज्यांची. करारापूर्वी संसदेची मंजुरी घ्यावी असं बंधन नाही आणि राज्यांशी सल्लामसलतीची पक्की पद्धतही नाही. मासेमारीच्या अनुदानांवर जून २०२२ मध्ये जिनिव्हात करार झाला. त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी भारत विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलतीची मुदत मागतो आहे. मागणी रास्त आहे, पण तिचं समर्थन करायला चेन्नईतल्या काशिमेडूच्या बंदरावर आणि रत्नागिरीच्या जेट्टीवर किती मासळी उतरते, कोणाच्या होडीतून उतरते, याच्या विश्वासार्ह नोंदी लागतात. त्या गोळा करणं हीसुद्धा वाटाघाटीच आहे.

त्यासाठी राज्यांना मसुद्याच्या पहिल्या टप्प्यापासून सामील करून घ्यायला हवं. मच्छीमार, चांभार, बागायतदार यांच्या संघटनांना सहीनंतर नव्हे, आधी बोलवायला हवं. आपल्या वस्तूंची नोंदणी परदेशी बाजारपेठांतही करायला लागावं. मारन दोहाला ठाम उभे राहू शकले ते अनेकांच्या वर्षानुवर्षांच्या तयारीमुळे. पुढच्या प्रतिनिधीच्या हाती तितकीच भक्कम फाइल देणं हे आज मायदेशी असलेल्यांचं काम आहे.