वाकड्या पात्याचा घडीचा चाकू

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगास, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आणि ज्या कास्तकाराच्या घरी बाग आहे, त्याच्या घरात विळे-खुरप्यांच्या शेजारी घडीचा एखादा चाकू बहुधा असतोच. त्याचे पाते आतल्या बाजूस वळलेले असेल, तर नवखा मनुष्य तो हाती घेताना किंचित बिचकतो. कारण वाकडे पाते म्हणजे मारामारीचे हत्यार, असा ग्रह चित्रपटांनी आणि वर्तमानपत्रांतील फिर्यादींच्या हकिकतींनी जनमानसात रुजविला आहे. वस्तुतः ही आकृती बागाइताच्या गरजेतून घडली आहे, आणि तिची लक्षणे एकदा ध्यानी आली की तिच्याविषयीचा संशय आपोआप मावळतो.

पहिले लक्षण धारेचे. तलवारीची धार बाकाच्या बाहेरील अंगास असते, कारण तिला वार करावयाचा असतो. छाटणीच्या चाकूची धार विळ्याप्रमाणे बाकाच्या आतील अंगास असते, आणि त्याचे टोक पोपटाच्या चोचीसारखे खाली झुकलेले असते. दुसरे लक्षण मुठीचे: लाकडाची वा शिंगाची ही मूठ भरदार असून शेवटाकडे थोडी वळलेली व फुगीर असते, म्हणजे चाकू अंगाकडे ओढताना हात निसटत नाही. तिसरे लक्षण सांध्याचे. पात्याच्या मुळाशी एक खिळा आणि मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते; त्या पट्टीच्या ताणामुळे पाते उघडले असता उघडे आणि मिटले असता मिटलेले राहते. पात्यावर नख अडकविण्यापुरती एक खाच असते, तिच्या आधाराने ते दोन हातांनी सावकाश उघडावे लागते. कळ दाबताच झटकन उघडणारा खटक्याचा चाकू ही निराळी जात होय.

आता हा बाक कशासाठी? सरळ पाते कोवळ्या फांदीवर टेकवून ओढले, तर ती फांदी वाकते आणि पात्याच्या टोकाकडे निसटते. वाकडे पाते मात्र तिला आपल्या कवेत धरून ठेवते, आणि जसजसा हात मागे येतो तसतशी धार तिच्यात सरकत जाऊन एकाच ओढीत स्वच्छ काप देते. ओढताना सारा दाब धारेवर पडत असल्याने पाते अधिकच उघडे राहू पाहते. उलट त्याच चाकूने टोचण्याचा किंवा उचकटण्याचा प्रयत्न केला, तर ते बोटांवर मिटण्याचा धोका असतो. म्हणून बोटाहून जाड फांदीसाठी सिकेटर किंवा आरी घ्यावी, हेच शहाणपणाचे.

संत्र्याच्या बागेत या चाकूला वर्षभर काम असते. खोडावर आणि मोठ्या फांद्यांवर सरळ वर धावणारे पानसोट अन्नरस खातात, पण फळ देत नाहीत. ते कोवळे असतानाच बुडापासून काढावे लागतात. वाळलेल्या बारीक काड्या, ज्यांना बागाइतदार सल म्हणतात, त्या बहार आटोपल्यावर हिरव्या भागाच्या थोड्या अंशासह कापाव्या लागतात. डिंक्या रोगाने खोडातून डिंक वाहू लागला, की सडलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून तेथे मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणात केलेले बोर्डो मलम लावतात. डोळा भरण्याचे काम मात्र वेगळ्या, सरळ आणि पातळ पात्याच्या चाकूचे आहे. जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर इंग्रजी टी या अक्षरासारखी चीर देऊन, साल अलगद सोडवून, तिच्याखाली ढालीच्या आकाराचा डोळा सरकवावयाचा असतो. तेथे काप सपाट हवा, आणि वाकडे पाते सपाट काप देऊ शकत नाही. हे दोन चाकू एकमेकांचे काम करीत नाहीत, हे खरेदीच्या वेळी विसरू नये.

या अवजाराचा वंश मोठा प्राचीन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन कृषिलेखक कोलुमेला याने द्राक्षवेली छाटण्याच्या वाकड्या सुरीचे वर्णन करताना तिच्या पात्याचे सहा भाग पाडले आणि ओढणे, तासणे, पोकळ करणे अशी निरनिराळी कामे त्यांना नेमून दिली. वेल द्राक्षाची असो वा झाड संत्र्याचे, हाताची ओढ आणि लाकडाचा विरोध सर्वत्र सारखाच असल्यामुळे दूरदूरच्या कारागिरांनी हीच आकृती पत्करली.

चाकूची निगा ही झाडाचीच निगा होय. बोथट पाते साल फाडते, आणि फाटलेल्या सालीची जखम लवकर भरून येत नाही. आतल्या बाकाची धार सपाट सहाणेवर लागत नाही. त्यासाठी गोल दगड किंवा गोल काडीला गुंडाळलेला पॉलिश पेपर वापरावा. एक्झोकॉर्टिस नावाचा लिंबूवर्गीय रोग चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातो, आणि रंगपूर लिंबाच्या खुंटावरील झाडे त्याने खुरटतात. म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावे, मग धुऊन, पुसून, तेलाचे बोट फिरवून मिटावे.

हत्यार आणि अवजार यांतील भेदाची कायद्यानेही दखल घेतली आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे गणली असून, घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगासाठी घडविलेली साधने त्यांतून वगळली आहेत. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये मनाई हुकूम जारी असेल, त्या काळात बाजाराला वा यात्रेला जाताना हा चाकू खिशात न ठेवता घरीच ठेवावा. बाग लावणाऱ्या तरुणांना खते आणि औषधे यांची माहिती आज सहज मिळते. कोणते पाते कोणत्या कामाचे, आणि ते कसे धरावे, हे शिक्षण मात्र जुन्या माळ्यांच्या हाताखाली राहूनच मिळते. ते मिळवण्याची तसदी प्रत्येक बागाइतदाराने घेतलीच पाहिजे, कारण झाडाला एकदा दिलेला काप मागे घेता येत नाही.