मोहोरावरची भुरी आणि मोरचुदाचे पाणी

पौष-माघाच्या दिवसांत परसातला आंबा मोहोरला, की घरातील आबालवृद्धांची दृष्टी वारंवार त्याच्याकडे वळते; आणि नेमक्या त्याच दिवसांत, थंड रात्री व ढगाळ सकाळ यांचा आश्रय घेऊन, ज्या पांढऱ्या पिठूळ रोगाला आपले बागाईतदार भुरी म्हणतात, तो मोहोराचा ताबा घेऊ लागतो. फुले न उमलताच गळतात, आणि गृहस्थ सारा दोष हवेच्या माथी मारून स्वस्थ बसतो. हवेचा दोष आहे खराच; परंतु तिच्याइतकीच आपली दिरंगाईही जबाबदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भुरीचे तंतू मोहोराच्या पृष्ठभागावरच पसरून आतील रस ओढतात, आणि ती अशी उघड्यावर वावरत असल्यामुळेच गंधक तिला लागू पडते. दहा लिटर पाण्यात 20 ग्रॅम विद्राव्य गंधक कालवून, तुरे लांबले असता परंतु फुले उमलण्यापूर्वी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर पहिली फवारणी करावी. ऐन फुलोऱ्यात मात्र हात आवरावा, कारण परागीभवन करणाऱ्या माश्यांचा तो हंगाम असतो.

आंब्याचा दुसरा बुरशीजन्य रोग जो करपा, त्याची रीत भुरीहून कपटी आहे. वाळक्या डहाळ्यांवर त्याचे बीजाणू दबा धरून असतात, पावसाच्या थेंबांबरोबर ते कोवळ्या पालवीवर व फळावर उतरतात, आणि फळाच्या सालीत शिरलेली बुरशी इतकी निश्चल राहते, की झाडावर निर्दोष दिसलेला आंबा अढीत पिकू लागला म्हणजेच काळे डाग प्रकट होतात. शत्रू एकदा आत शिरला, म्हणजे बाहेरून शिंपडलेले मोरचूद त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; बंदोबस्त आधीच झाला पाहिजे.

या तत्त्वाचा शोध फ्रान्समध्ये लागला. 1882 साली मेदोक प्रांतात मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञास असे आढळले, की वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडला होता, त्यांचीच पाने केवड्या रोगातून बचावली होती. 1885 साली त्याने प्रसिद्ध केलेले ते मिश्रण बोर्डो या नावाने आजही चालते. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात निरनिराळे कालवावे, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे, आणि स्वच्छ घासलेले विळ्याचे पाते त्यात क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस झाक आली, तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. शिळे झाले की त्याचा गुण जातो.

तथापि कोणत्याही फवाऱ्यापूर्वी कोयत्याचे काम आहे. परसबाग राखणाऱ्या प्रत्येकास माझी कळकळीची विनंती आहे, की यंदा आंबा उतरून होताच, पाऊस लागण्यापूर्वी, झाडावरची वाळकी सल छाटून ती जाळून टाकावी, आणि आतल्या दाट फांद्या विरळ करून खोडापर्यंत ऊन-वारा पोहोचू द्यावा.